डाव्या खिशातली डांबरगोळी

नाक मुरडून झालं असेल तर ऐका. मी डांबराची गोळी बोलतेय. गरम कपड्यांच्या घड्यांत तुम्ही जिला टाकता आणि पुढच्या थंडीपर्यंत विसरून जाता, तीच मी. आम्हा गोळ्यांचं बोलणं म्हणजे आमचा वास. त्यापलीकडे आम्हाला वाचा नाही. पण माझ्या हातून एक गुन्हा घडलाय आणि त्याबद्दल मला आजवर कुणी एक शब्दही बोललेलं नाही. कुणी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. म्हणून आता मीच सांगते.

सध्या माझा मुक्काम मालवणात, जनावरांच्या एका दवाखान्यात आहे. डॉक्टरांच्या टेबलावर काचेची लहानशी बरणी आहे, तिचं झाकण घट्ट लावलेलं आहे आणि आत मी एकटी आहे.

माझा जन्म काळ्याकुट्ट डांबरातला. त्यातून मी पांढरीशुभ्र निघाले, याचा मला पहिल्यापासून भारी ताठा. कारखान्यातून पुड्यात, पुड्यातून खोक्यात आणि खोक्यातून आचऱ्याच्या बाजारातल्या एका दुकानाच्या फळीवर, असा माझा प्रवास झाला. शेजारी उदबत्त्या होत्या. गिऱ्हाईक त्यांना नाकाला लावून हसायचं आणि आम्हाला दोन बोटांत धरून लांब करायचं. मी मनात म्हणायचे, हसा खुशाल. त्या अर्ध्या तासात राख होतात, आम्ही अख्खा पावसाळा काढतो.

या किनाऱ्यावर खरी थंडी पडते ती महिनाभर, पण ओल मात्र बारा महिने असते. त्यामुळे इथले स्वेटर माणसांच्या अंगावर कमी आणि ट्रंकेत जास्त राहतात. ट्रंकेत गोळी टाकली नाही तर कसर लागते, बुरशी धरते, झुरळं होतात. म्हणजे इथे आमच्यावाचून कुणाचं चालत नाही. आपण राखणदार आहोत, असं मला वाटायचं. राखणदारामुळे कधी कुणाच्या जिवावर बेतेल असं स्वप्नातही आलं नव्हतं.

मला विकत घेतलं तोंडवलीच्या यशोदानं. मे महिना होता, पाऊस तोंडावर आला होता आणि तिचे यजमान भाई जाऊन जेमतेम महिना झाला होता. भाई म्हणजे रापणीतला जुना माणूस. समुद्रात गोल टाकलेलं लांबच लांब जाळं किनाऱ्यावरून चाळीस-पन्नास माणसांनी मिळून ओढायचं, याला रापण म्हणतात. सगळ्यांचा जोर एका वेळी लागावा म्हणून भाई आवाज द्यायचे. हे सगळं मी नंतर ऐकलं. मी तोंडवलीत आले तेव्हा तो आवाज थांबलेला होता.

माणूस गेला की त्याचे कपडे वाटून टाकायची तिथे रीत आहे. यशोदानं भाईंचे लुंगी-सदरे सगळे देऊन टाकले. फक्त एक तपकिरी स्वेटर दिला नाही. पुढे बटणं, खाली दोन खिसे, डाव्या कोपराला भोक. लेक दीपिका पनवेलहून बाराव्याला आली होती, तिनं विचारलं, "आये, बाबांचो स्वेटर खंय गो?" तेव्हा यशोदानं बेधडक सांगितलं, "तो उंदरांनी कुरतडल्यानी, मी टाकून दिलंय." स्वेटर तेव्हा तांदळाच्या पिंपामागे होता.

लेक परत गेल्यावर यशोदानं तो बाहेर काढला आणि नाकाला लावून कितीतरी वेळ बसली. विडी, खोबरेल, सुकी मासळी आणि होडीला लावतात ते उंडीचं तेल, असा तो वास होता. मग तिनं उजव्या खिशात हात घातला. आत बिस्किटाचा चुरा होता.

त्या चुऱ्याची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. भाईंचा एक कुत्रा होता, तांबूस रंगाचा, गावठी. पिल्लू असताना तो होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, पुढचे पाय ठेवून समुद्राकडे बघत उभा राहायचा, म्हणून भाईंनी त्याचं नाव ठेवलं तांडेल. होडी चालवणारा जो म्होरक्या, त्याला तिकडे तांडेल म्हणतात. थंडीच्या दिवसांत सकाळी रापणीवर जाताना भाई उजव्या खिशात दोन बिस्किटं टाकायचे. जाळं किनाऱ्याला लागलं की तांडेल येऊन त्या खिशात नाक खुपसायचा. अकरा वर्षं हा नेम कधी चुकला नव्हता.

दुसऱ्या कुणी तो खिसा उलटा करून झटकला असता. यशोदाला ते जमेना. स्वेटर धुवायलाही तिचा हात धजेना, कारण धुतला तर भाईंचा वास जाईल. उन्हात टाकला तरी जाईल. पण बिस्किटाचा चुरा तसाच ठेवून बंद केला तर काय होणार, हेही तिला कळत होतं.

"ह्येका आता मुंगयो लागतीत," ती स्वतःशीच म्हणाली. आणि मुंग्या लागू नयेत म्हणून तिनं आम्हाला आणलं. एक गोळी उजव्या खिशात टाकली, एक डाव्या. मी डाव्या खिशात पडले आणि माझी बहीण उजव्या. हे असं उलटंही होऊ शकलं असतं. काचेतून बाहेर बघताना मी हाच विचार पुन्हा पुन्हा करते.

ट्रंकेत आम्ही सात महिने काढले. बाहेर पाऊस कोसळत होता, भिंतींना पाणी सुटत होतं, पण आमच्या स्वेटरला कसरीचा साधा ओरखडा नाही. चुऱ्याला मुंगी नाही. मी स्वतःवर बेहद्द खूश होते. दिवसेंदिवस झिजत होते, पण झिजणं हेच तर आमचं काम.

पहिला अपराध माझ्या हातून तिथेच झाला, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. सुरुवातीला स्वेटरात भाईंचा वास भरून होता. मी रोज थोडी थोडी हवेत मिसळत गेले आणि लोकरीच्या धाग्याधाग्यात शिरत गेले. विडी गेली, मग खोबरेल गेलं, गणपतीच्या सुमारास उंडीचं तेलही गेलं. उरले मी. यशोदा मधूनमधून ट्रंक उघडायची, डोळे मिटून स्वेटरात तोंड घालायची आणि म्हणायची, "ह्येंचो वास अजून आसा हां."

अगो बाई, तो वास माझा आहे, असं मला ओरडून सांगावंसं वाटायचं. पण माझं ओरडणं म्हणजे वासच. मी जितकी ओरडायचे तितकी ती स्वेटर आणखी घट्ट धरायची.

डिसेंबर लागला. सकाळी समुद्रावरून गार वारा येऊ लागला, सुरूच्या झाडांखालची वाळू दंवानं ओली होऊ लागली. तांडेल आता म्हातारा झाला होता. भाई गेल्यापासून त्यानं घरी झोपणं सोडलं होतं. रापणीची होडी वर ओढून ठेवतात, तिच्या कडेला वाळूत तो अंगाचं मुटकुळं करून पडायचा आणि उजाडल्यावर घरी यायचा तो दंवानं भिजलेला, मागचे पाय आखडलेले. पायरी चढताना कण्हायचा. यशोदा त्याला फडक्यानं पुसायची आणि रागं भरायची, "थंय कोण बसलो हा तुझो? कित्या जातंस?" 

दीपिकाचा फोन आला की यशोदा तांडेलची तक्रार सांगायची. दीपिकानं एके दिवशी तिच्या बिल्डिंगमधल्या कुत्र्यांचे फोटो पाठवले. कुणाला लाल स्वेटर, कुणाला टोपीवाला.

"आये, म्हाताऱ्या कुत्र्याक थंडी सोसणा नाय. तू पण तेका कायतरी घाल गो."

"तेच्या मापाचो मी खंयसून हाडू?"

"जुनोपानो कसलोय चलात."

दोन दिवस यशोदाच्या मनात काय चाललं होतं ते मला ट्रंकेतही कळत होतं. ती येऊन झाकणावर हात ठेवायची आणि परत जायची. तिसऱ्या दिवशी तिन्हीसांजेच्या आधी तिनं ट्रंक उघडली. स्वेटर मांडीवर घेऊन भाईंना म्हणाली, "पोटच्या झिलासारखो वाढवलात तेका. तेकाच दिलंय तर रागावशात काय?" आणि उठली.

अंगणात तिनं तांडेलला बसवलं. बाह्यांतून त्याचे पुढचे पाय घातले, कोपरापर्यंत दुमडले आणि बटणं पाठीवर लावली. त्यामुळे दोन्ही खिसे त्याच्या दोन कुशींवर आले. मी त्याच्या बरगड्यांना लागून होते. सात महिन्यांनी मला कुणाची तरी ऊब मिळत होती. मला काय आनंद झाला होता, आता आठवलं तरी लाज वाटते.

तांडेल आधी तसाच उभा राहिला. मग त्याचं नाक हलू लागलं. सात महिने खपून मी भाईंचा वास पुसून टाकला, असा माझा समज होता. त्या कुत्र्यानं मला बाजूला सारलं आणि माझ्या खालून भाई हुडकून काढले. तो कुईकुई करत स्वतःभोवती फिरला, धावत बेड्यापर्यंत, म्हणजे कुंपणाच्या फाटकापर्यंत गेला, वाटेकडे बघत उभा राहिला. कुणी येत नाही असं पाहून हळूहळू परत आला. यशोदा तोवर पेजेचं बघायला घरात गेली होती. तिनं हे पाहिलं असतं तर तिला रडू आवरलं नसतं आणि ती त्याच्याजवळ बसली असती. आणि बसली असती तर पुढचं घडलं नसतं.

तांडेलनं मान वळवली आणि उजव्या खिशात नाक खुपसलं. चुऱ्याचा वास त्याला लागला होता. आत माझी बहीण होती, पांढरी, गोल, झिजून बोराच्या बीएवढी झालेली. ती त्याच्या जिभेला लागली. कडू लागली असणारच, कारण तो क्षणभर थांबला. पण अकरा वर्षांत त्या खिशातून त्याला वाईट असं काही मिळालं नव्हतं. त्यानं ती गिळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो ओकला. पेजेकडे बघेना. यशोदा म्हणाली, "थंडी बाधली रे तुका, माझ्या बाळा." तिथे सगळे करतात तेच तिनं केलं. कोमट दुधात हळद घालून पाजलं. त्यानं पोट शांत होईना, म्हणून वर चमचाभर खोबरेल पाजलं. न्हाणीच्या चुलीजवळ गोणपाट अंथरून त्याला तिथे निजवलं. आणि तो थरथरतोय असं दिसलं तेव्हा स्वेटरची सुटलेली दोन बटणं लावली आणि स्वेटर त्याच्या अंगाला अधिक घट्ट ओढून घेतला.

मी आत होते. त्याचं काळीज धडधडत होतं ते मला लागत होतं. तो जितका थरथरे तितकी ती मला त्याच्या अंगाशी अधिक आवळून धरी. त्या माउलीला कसं सांगू, की काढ हा स्वेटर, खिसा बघ, दोनातली एक कुठे गेली ते बघ? मी जीव तोडून दरवळत राहिले. पण यशोदाला तो वास भाईंचा वाटत होता. भाई जवळ आहेत, तांडेलला सांभाळताहेत, एवढंच तिला त्यातून कळत होतं.

तिसऱ्या दिवशी तो उठलाच नाही. हिरड्या पांढुरक्या पडल्या. बसल्या जागी त्याला लघवी झाली ती कोकमाच्या आगळासारखी, लाल-काळी. ते बघून यशोदा घाबरली आणि तिनं गुलामला फोन केला.

गुलाम शेजारच्या वाडीतला रिक्षावाला. रिक्षा घ्यायच्या आधी तो रापणीवर भाईंच्या बाजूला उभा राहून दोर ओढायचा. दहा मिनिटांत तो दारात आला.

"काय झाला गो काकी?"

"उठणा नाय रे. रगात पडता. मालवणाक न्हेऊक होयो." मग ती अडखळली. "पण तुझ्या रिक्शेत... तुमच्यात कुत्रो चलणा नाय मां?"

"मगे सात वेळा धुवन काढतलंय, त्यातला एक पानी मातयेचा," गुलाम म्हणाला. "तेचो रस्तो आमका सांगितलेलो आसा. तू धर तेका, डोक्याकडसून धर."

रिक्षा निघाली. तांडेलचं डोकं यशोदाच्या मांडीवर होतं आणि मी त्याच्या कुशीखाली चेपले गेले होते. कोळंबच्या पुलावर आलो तेव्हा गुलामनं नाक ओढलं.

"काकी, वास कसलो येता गो ह्यो? माझ्या आवशीच्या ट्रंकेत येयत, तसो."

"ह्येंच्या स्वेटराचो," यशोदा म्हणाली. "ह्येंचोच वास तो."

गुलामनं आरशातून तिच्याकडे पाहिलं. भाईंच्या खांद्याला खांदा लावून त्यानं वीस वर्षं दोर ओढला होता. भाईंच्या अंगाला असला वास कधी येत नव्हता, हे त्याला ठाऊक होतं. पण तिच्या तोंडाकडे बघून त्यानं फक्त रिक्षा जोरात हाणली.

दवाखान्यात डॉक्टर स्वप्ना होत्या. वयानं लहान, बोलायला शांत. त्यांनी तांडेलचा जबडा उघडून हिरड्या पाहिल्या, त्याच्या तोंडाजवळ आपलं नाक नेलं आणि तशाच थांबल्या.

"आजी, घरात डांबराच्या गोळ्या आहेत का?"

"आसत. पण त्यो ट्रंकेत, कुलपात. थंय कुत्रो कसो जातलो?"

डॉक्टरांनी स्वेटरच्या डाव्या खिशात हात घातला. मी त्यांच्या तळहातावर आले. इतक्या दिवसांनी उजेड दिसला आणि वाटलं, पुन्हा खिशात पडावं.

"ही एक. किती होत्या?"

 यशोदानं स्वतःच उजवा खिसा उलटा केला. आत ओली लोकर होती आणि बिस्किटाचे दोन-तीन कण.

"दोन होत्यो," ती म्हणाली. "मीच घातलंय. ह्या हातांनी मीच घातलंय."

डॉक्टरांनी काय काय पाजलं ते विचारलं. दूध, हळद, तेल असं यशोदानं सांगितलं.  डॉक्टर समजावून बोलल्या, "आजी, तुमचा हेतू चांगला होता. पण हे विष स्निग्ध पदार्थात विरघळतं. दूध, तेल, तूप पोटात गेलं की ते अंगात आणखी लवकर भिनतं. कुत्र्यानं भलतंसलतं खाल्लंय असा नुसता संशय आला तरी काही पाजायचं नाही, लगेच फोन करायचा. पहिल्या दिवशी आणलं असतंत तर ओकवून काढता आलं असतं. आता ते रक्तात गेलंय."

यशोदा तिथेच जमिनीवर बसली. गुलामनं तिला पाणी आणून दिलं, ते तिनं घेतलं नाही.

"वाचात काय तो?" तिनं विचारलं.

"प्रयत्न करते," डॉक्टर म्हणाल्या.

मी टेबलावर पडून होते. तिच्या हातांचा काय दोष हो? तिनं तर वेड्या मायेपोटी चुरासुद्धा झटकला नव्हता. आणि ती दिवसभर म्हणत होती, मी घातलंय, मीच पाजलंय, मीच गुंडाळलंय. एकदाही तिनं माझ्याकडे बोट दाखवलं नाही. गोळीवर कुणी रागावत नाही. हीच माझी खरी शिक्षा होती आणि अजून आहे.

तांडेलला सलाईन लावलं, इंजेक्शनं दिली. डॉक्टरांनी मला या बरणीत घालून झाकण लावलं, म्हणजे चुकून आणखी कुणाच्या तोंडी लागायला नको. काचेतून मी तांडेलला पहिल्यांदा नीट पाहिलं. तोवर मला त्याच्या फक्त बरगड्या माहीत होत्या. त्याच्या तोंडाभोवतीचे केस पिकून पांढरे झाले होते, एक कान फाटका होता. चार दिवस तो त्या कोपऱ्यात पडून होता. यशोदा रोज गुलामच्या रिक्षातून यायची आणि संध्याकाळपर्यंत त्याच्याजवळ बसून राहायची. गुलामची बायको शमीम तिच्यासाठी डब्यात भाकरी द्यायची, ती बहुतेक तशीच परत जायची. मी तिचा हात त्याच्या डोक्यावरून फिरताना बघायचे आणि मला वाटायचं, विरून जावं. पण घट्ट झाकणाच्या बरणीत डांबरगोळीला विरताही येत नाही. हवा बदलली तर आम्ही झिजतो. बंद काचेत आहोत तशाच राहतो.

पाचव्या दिवशी सकाळी तांडेलनं मान उचलली आणि चार चमचे भाताची पेज चाटली. डॉक्टरांनी हिरडी दाबून पाहिली आणि हसल्या. मग त्यांनी यशोदाला थंडीतलं सगळं समजावलं. निजायला फळकुटावर सुकं गोणपाट, कारण खालची ओल हाडांत जाते. वाऱ्याच्या बाजूला आडोसा. दंवात भिजून आला की आधी पुसून कोरडा करायचा. भल्या सकाळी समुद्रात जाऊ द्यायचं नाही. थंडीत दोन घास जास्त, पाणी कोमट. पायाच्या गाद्या फुटल्या तर कोकमाचं मुठेल, म्हणजे बियांचं घट्ट तेल, हलक्या हातानं लावायचं. चुलीजवळ निजवलात तर राखेत निखारा नाही ना, हे हात फिरवून बघायचं.

"आणि स्वेटर?" यशोदानं विचारलं. "तो जाळून टाकू?"

"जाळायचा कशाला? साबणानं दोन-तीनदा धुवा, चार दिवस कडक उन्हात वाळवा. वास पूर्ण गेला की मग घाला."

"सगळो वास?"

"सगळा. जराही राहता कामा नये."

 डॉक्टरांना काय ठाऊक, आपण काय मागतोय ते! भाईंचं म्हणून यशोदाकडे तेवढंच उरलं होतं, असं तिला वाटत होतं. तिनं तांडेलकडे पाहिलं. तो उठायची खटपट करत होता, मागचे पाय घसरत होते, पण शेपटी हलत होती.

"धुवन काढतलंय," ती म्हणाली. "आजच धुवन काढतलंय."

तू काही गमावत नाहीयेस गं, असं मी काचेआडून सांगत होते. तुझ्या नाकापुरतं जे जायचं ते मी गणपतीतच खाऊन बसलेय. पण आता तर माझा वासही बाहेर जात नव्हता.

संक्रांत झाल्यावर ती तांडेलला दाखवायला पुन्हा आली. तांडेल स्वतःच्या पायांनी चालत होता, सावकाश, पण चालत होता. त्याच्या अंगावर गुलामनं शिवून आणलेलं जुन्या चादरीचं जाकीट होतं. आणि भाईंचा स्वेटर यशोदानं स्वतः घातला होता. धुऊन तो जरा आटला होता, कोपराचं भोक शिवलेलं होतं. आता रोज सकाळी ती तांडेलबरोबर होडीपर्यंत जाते, त्याला तिथे हवं तेवढं बसू देते आणि परत घेऊन येते, असं तिनं डॉक्टरांना सांगितलं.

तपासणी झाली. निघताना ती टेबलाशी थांबली.

"बाई, ह्या बरणीचा झाकण एकदा उघडशात?"

डॉक्टरांना नवल वाटलं, पण त्यांनी उघडलं. यशोदानं वाकून डोळे मिटले, ट्रंकेपाशी मिटायची अगदी तसेच. मला गप्प बसायचं होतं हो. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, आपल्याला कसलाच वास नसता तर किती बरं झालं असतं. पण मला गप्प बसता येत नाही.

ती बराच वेळ तशीच होती. मग सरळ उभी राहिली.

"ह्योच," ती म्हणाली. "सात म्हयने मी ह्येकाच माझो घोव समाजलंय."

ती हसली. हसता हसता स्वेटरच्या बाहीनं तिनं डोळे पुसले. मला वाटलं, आता उचलेल आणि फरशीवर आपटेल, आणि मी त्याची वाटच बघत होते. पण ती डॉक्टरांना एवढंच म्हणाली, "लावा झाकण. कोणाचा जनावर येयत जायत."

तेवढ्यात तांडेलनं नाक वर केलं. उघड्या बरणीतून मी त्याच्यापर्यंत पोचले होते. मी म्हटलं, आता गुरगुरेल, मागे सरेल. त्यानं माझ्या दिशेनं बघून शेपटी हलवली. त्याला मी विष म्हणून आठवतच नव्हते. स्वेटर अंगावर चढला आणि भाई सापडले, त्या संध्याकाळचा वास म्हणून मी त्याला आठवत होते. मग त्यानं यशोदाच्या उजव्या खिशाला नाक लावलं. यशोदानं आधी खिशात हात घालून तळापर्यंत चाचपलं, शिवणीसुद्धा चाचपल्या, आणि मगच एक बिस्किट काढून त्याला दिलं.

त्यानंतर झाकण लागलं ते आजतागायत.

पूर्वी मला वाटायचं, कुणीतरी चुकून झाकण सैल सोडावं आणि मी दोन महिन्यांत विरून मोकळं व्हावं. आता तसं मागणार नाही. डॉक्टर स्वप्ना येणाऱ्याजाणाऱ्याला बरणी दाखवून विचारतात, "ओळखलंत हिला? मग घरी गेल्यावर कपड्यांतल्या मोजा." एवढ्यापुरती तरी मला उरू द्या.

यंदा गरम कपडे काढाल तेव्हा आम्हाला मोजून बाहेर काढा, खिसे उलटे करा, कपडे धुवा, उन्हात टाका, मगच ते कुणाच्या अंगावर घाला. आणि ज्याचा वास तुम्हाला जपायचा असेल, त्याच्या कपड्यांत आम्हाला मुळीच ठेवू नका. मुंग्या लागल्या तर लागू देत. त्या फक्त बिस्किटाचा चुरा नेतील.

आता जाताना तेवढं झाकण घट्ट आहे ना, ते बघून जा.